सुरा, कांजी आणि आंबील : धान्याच्या सौम्य आसवांचा विचार

(१)

भाद्रपदांत ज्येष्ठागौरी घरोघर येतात. आमच्या मराठवाड्यांत त्यांस महालक्ष्म्या म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांच्या नैवेद्याच्या पानांत पुरणपोळी आणि सोळा भाज्या यांच्याबरोबर ज्वारीची आंबील असावी लागते. श्रीसमर्थांच्या जन्मामुळें ज्यास आज जांब समर्थ म्हणतात, त्या आमच्या गांवींही हाच शिरस्ता आहे. गेल्या वर्षीं या सणाच्या दिवशीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो शेजारच्या जिल्ह्यांतील एका बिअरच्या कारखान्यांत नोकरीस आहे. द्रोणांतील आंबील संपवून तो म्हणाला, “गुरुजी, मद्यार्क कमी आणि तरीही पातळ पाण्यासारखी न लागणारी, तोंडांत भरीव वाटणारी बिअर करणें हें आमच्या धंद्यांतलें कठीण काम. आणि ही आंबील तर एका रात्रींत अशी दाट होते. मग हिच्यांत आणि तुम्हीं आम्हांस शिकविलेल्या सुरेंत फरक काय?”

प्रश्न विनोदानें विचारलेला होता, आणि पंक्तींतील वडील मंडळींस तो रुचला नाहीं. “देवीच्या नैवेद्यास सुरेच्या पंक्तीस बसवूं नकोस,” असें एकानें त्यास सांगितलेंही. परंतु चाळीस वर्षें संस्कृत शिकविल्यावरही त्या प्रश्नास चटकन् उत्तर देतां आलें नाहीं, हें आम्हांस टोंचत राहिलें. सुरा म्हणजे दारू आणि आंबील म्हणजे अन्न, हें उत्तर व्यवहारास पुरे. पण ग्रंथांतील शब्द लावावयाचे झाल्यास तें पुरत नाहीं. कारण जुन्या वैद्यकांत, श्रौतांत आणि अर्थशास्त्रांत धान्य आंबवून केलेल्या पेयांची एक लांब पंगत बसलेली आहे, आणि तिच्या एका टोकास कांजी व दुसऱ्या टोकास प्रसन्ना आहे. मधली पानें कोणाचीं, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. आंबील हा शब्द संस्कृत ‘अम्ल’ यापासून प्राकृत ‘अंबिल’ या रूपाच्या द्वारें आलेला आहे. जैनांच्या ‘आयंबिल’ या व्रताच्या नांवांतही हेंच ‘अंबिल’ आहे. म्हणजे या शब्दांत मादकतेचा अंश मुळींच नाहीं. फक्त आंबटपणा आहे. उलट ‘सुरा’ हा शब्द वेदकाळापासून मादक पेयाचा वाचक आहे, आणि तें पेय मुख्यतः धान्याचें. मनूनें सुरेस अन्नाचा मळ म्हटलें आणि गौडी, पैष्टी, माध्वी असे तिचे तीन प्रकार सांगितले. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत ‘सुरा’ शब्दाचा मुख्य अर्थ पैष्टी, म्हणजे पिठाची, असाच ठरविला आहे. पाणिनीनेंही ‘आसुति’ शब्दापासून ‘आसुतीवल’ असें रूप साधलें आहे. तें आंबवून पेय करणाऱ्याचें नांव.

आतां ‘दारू’ हा शब्द पाहा. तो फारसींतून आला. त्याचा मूळ अर्थ औषध. मराठींत तो बंदुकीच्या दारूसही लागला आणि भट्टीच्या दारूसही. ही दुसरी दारू म्हणजे ऊर्ध्वपातन करून, वाफ धरून काढलेला द्रव. प्राचीन भारतांत असें ऊर्ध्वपातन होत होतें काय, यावर विद्वानांत वाद आहे. ऑल्चिन यांनीं १९७९ सालीं तक्षशिला आणि शैखान ढेरी येथील मृत्पात्रांवरून होकारार्थी मत मांडलें. इतरांस तें सर्वस्वीं मान्य नाहीं. पण संहिता, ब्राह्मणें आणि कौटिलीय यांत सुरेची जी कृति सांगितली आहे, तींत वाफ धरण्याचें नांव नाहीं. तेथें धान्य शिजविणें, त्यांत बीज घालणें, कांहीं रात्री ठेवणें आणि गाळणें एवढेंच आहे. अर्थात् ‘सुरा’ याचें भाषांतर ‘दारू’ असें करणारा भाषांतरकार जवाच्या आंबवणीच्या जागीं मोहाची भट्टी बसवितो. ही चूक लहान नाहीं. पुढील सर्व गैरसमज तिच्यांतून निघतात.

(३)

धान्याच्या आसवांची सर्वांत नेटकी यादी चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत आहे. तेथें आसवांचीं ८४ नांवें त्यांच्या उत्पत्तिद्रव्यांप्रमाणें लाविलीं असून, धान्यासव सहा सांगितले आहेत : सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक आणि धान्याम्ल. वाचकांनीं या क्रमाकडे लक्ष द्यावें. धान्याम्ल म्हणजे आपली कांजी. ती आणि सुरा एकाच रांगेंत, एकाच कुळांत बसविल्या आहेत. चरकाच्या दृष्टीनें त्या दोहोंत जातीचा भेद नाहीं, प्रकाराचा आहे.

हे प्रकार कसे ओळखावे, तें शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडांत सांपडतें. त्याचा सारांश असा. कच्च्या, भरडलेल्या जवांस सतुष आंबविल्यास तें तुषोदक. जवांचा तूस काढून व शिजवून आंबविल्यास तें सौवीर. कुळमाष, धान्याची पेज इत्यादि आंबविल्यास तें कांजिक. आणि शिजविलेल्या अन्नाच्या संधानापासून जी उत्पन्न होते ती सुरा. नंतर शार्ङ्गधर एक फार मार्मिक गोष्ट सांगतो. सुरेचें भांडें स्थिर ठेवल्यावर तिचे थर बसतात, आणि प्रत्येक थरास निराळें नांव आहे. वरचा निवळ भाग ती प्रसन्ना, तिच्याहून दाट ती कादंबरी, त्याखालचा जगल, जगलाहून दाट तो मेदक, सत्त्व निघून गेलेला चोथा तो बक्कस, आणि सुरेचें जें बीज तें किण्व.

आमच्या विद्यार्थ्यानें ज्यास भरीवपणा म्हटलें, त्याची ही सहा पायऱ्यांची परिभाषा होय. ज्या समाजांत पेयाच्या दाटपणास एवढीं नांवें होतीं, त्या समाजास केवळ कैफ नको होता; पेय अंगीं लागावें, पोट धरावें, हीही अपेक्षा होती. निवळ प्रसन्ना श्रीमंतांच्या पानगोष्ठींत जात असेल; खालचे दाट थर कोणीतरी पीत होतेच, नाहीं तर त्यांचीं नांवें कोशांत आणि वैद्यकांत टिकलीं नसतीं.

मात्र एक सावधगिरी येथेंच सांगतों. शार्ङ्गधराचा मेदक हा थर आहे. कौटिल्याचा मेदक ही स्वतंत्र कृति आहे. आणि चरकाच्या यादींतील मेदक हा एक आसव आहे. हस्तलिखितांत ‘मेदक’ दिसल्याबरोबर एकच अर्थ घेऊं नये.

(४)

वरील व्याख्या ताडून पाहिल्यावर आम्हांस असें दिसलें कीं, धान्याच्या कोणत्याही पेयाची कृति हातीं आली असतां तिला चार प्रश्न विचारावे, म्हणजे तिचें स्थान ठरतें.

पहिला प्रश्न अग्नीचा : धान्य आधीं शिजविलें आणि मग आंबविलें, कीं आधीं आंबविलें आणि मग शिजविलें? दुसरा बीजाचा : मोड आलेलें धान्य किंवा किण्व घातलें आहे, कीं नुसतें ताक, पेज अथवा भांड्यास लागलेला जुना आंबटपणा यांवर काम भागविलें आहे? तिसरा काळाचा : किती रात्री ठेवलें? चौथा गाळणीचा : निवळ काढून घेतलें, कीं चोथ्यासह ठेवलें?

यांतील दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व आजच्या रसायनशास्त्रानें स्पष्ट होतें. धान्यांत साखर थोडी आणि पिष्ट पुष्कळ. पिष्टावर यीस्टची मात्रा चालत नाहीं; त्याची आधीं साखर व्हावी लागते. धान्यास मोड येतांना त्यांत ही साखर करणारें द्रव्य उत्पन्न होतें, म्हणून जगांतील बिअर मोड आलेल्या जवांपासून करतात. दुसरा मार्ग बुरशीचा. झारखंडांतील हंडिया ज्या ‘रानू’ नांवाच्या गोळ्यांनीं आंबवितात, त्यांत असली बुरशी आणि यीस्ट हीं दोन्ही असतात. हीं दोन्ही साधनें जेथें नाहींत, तेथें दह्याचे जंतु धान्यांतील थोडी साखर खाऊन आंबटपणा करतात, आणि मद्यार्क नांवापुरता राहतो. कांजी आणि सुरा यांची वाट फुटते ती येथें.

(५)

आतां या चार प्रश्नांनीं सर्वांत जुनी सविस्तर कृति तपासूं. ती सौत्रामणी यागांतील आहे. म. म. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ सालीं निघालेल्या दुसऱ्या खंडांत या यागाचें वर्णन केलें आहे. मूळ आधार शतपथब्राह्मण, कात्यायनश्रौतसूत्र आणि वाजसनेयी संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायावरील महीधराचें भाष्य हे होत.

साहित्य पाहावें. शष्प, म्हणजे मोड आलेली साळ. तोक्म, म्हणजे मोड आलेले जव. लाजा, म्हणजे लाह्या. आणि नग्नहु, म्हणजे सुंठ, पिंपळी, त्रिफळा, हळद, जिरें इत्यादि अनेक द्रव्यांचें मिश्रण. तांदूळ व सांवे यांचा भात पुष्कळ पाण्यांत शिजवून त्याची पेज काढावी, आणि तींत वरील द्रव्यांचीं चूर्णें मिसळावीं; त्यास मासर म्हणतात. तें व शिजलेला भात एका भांड्यांत घालून तीन रात्री ठेवावें. पहिल्या रात्रीं एका गाईचें दूध व शष्पांचें चूर्ण, दुसऱ्या रात्रीं दोन गाईंचें दूध व तोक्मांचें चूर्ण, तिसऱ्या रात्रीं तीन गाईंचें दूध व लाह्यांचें चूर्ण घालावें. शेवटीं केसांच्या गाळणींतून तें गाळून घ्यावें. मोड आलेली साळ शिसें देऊन विकत घ्यावी, असाही विधि शतपथांत आहे. त्यावरून असें अनुमान निघतें कीं, मोड आलेलें धान्य ही त्या काळीं विकत मिळणारी वस्तु होती.

चार प्रश्नांचीं उत्तरें : अग्नि आधीं, बीज आहे, तेंही दुहेरी, काळ तीन रात्री, गाळणी आहे. म्हणजे ही खरी सुरा, याविषयीं संशय नाहीं. परंतु ती कडक होती काय? आमच्या मतें नव्हती, आणि त्याचीं कारणें कृतींतच आहेत.

एक तर काळ अवघा तीन रात्रींचा. दुसरें, लाह्यांचें चूर्ण अगदीं शेवटीं पडतें. तें भाजल्यामुळें फुललेलें पिष्ट असल्यानें पाणी धरून दाट होतें, पण सर्वस्वीं साखर होण्यास त्यास अवधि मिळत नाहीं. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें, दूध. दुधांतील साखर सामान्य यीस्टला पचत नाहीं. ती पेयांत तशीच राहते आणि त्यास गोडसर भरीवपणा देते. आजही विलायतेंत काळ्या बिअरच्या एका जातींत हीच दुधाची साखर याच हेतूनें घालतात. मग चौथें, पेजेच्या उष्णतेचें. मोड आलेल्या जवाचें पीठ सुमारें ६३ अंश सेल्सिअसच्या पाण्यांत ठेवलें तर बहुतेक सगळी साखर यीस्टला खातां येण्यासारखी होते; ६८ ते ७० अंशांवर ठेवलें तर पुष्कळसा भाग अशा लांबट कणांचा राहतो कीं जो यीस्टला खातां येत नाहीं, आणि तोच पेयाचें ‘अंग’ होतो. उकळून काढलेल्या पेजेंत, ती गरम असतां, चूर्ण पडलें तर हा दुसरा प्रकार घडणें स्वाभाविक आहे. थोडक्यांत, हलकी पण भरीव बिअर करावयाची तर आजचा कारागीर धान्य थोडें घेतो, पाणी अधिक तापवितो, न आंबणारी साखर किंवा कांहीं फुललेलें धान्य घालतो आणि आंबवण लवकर आटोपतो. सौत्रामणीच्या कृतींत यांतील बहुतेक गोष्टी आहेत.

या पेयाविषयीं याज्ञिकांस संकोच होता, हेंही खरें. उरलेली सुरा पिण्यास एखादा ब्राह्मण द्रव्य देऊन ठरवावा, तसा न मिळाल्यास ती वारुळावर ओतावी, असें तैत्तिरीयब्राह्मणांत सांगितलें आहे. पुढें निबंधकारांनीं सौत्रामणींतील सुराग्रह कलिवर्ज्यांत घातला. त्यामुळें कृति पोथींत राहिली आणि हात विसरला.

(६)

घरगुती आंबवणीस राजशासनानें दिलेलें स्थान कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, सुराध्यक्षाच्या प्रकरणांत, दिसतें. हा ग्रंथ १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रथम छापला, आणि प्रा. र. पं. कंगले यांनीं १९६० सालापासून मुंबई विद्यापीठातर्फे त्याची चिकित्सक आवृत्ति तीन भागांत दिली. सुरेचा व्यवहार राजाच्या ताब्यांत, इतरांनीं केल्यास दंड, हा सर्वसाधारण नियम. पण त्यास अपवाद आहे : कुटुंबवत्सल गृहस्थांस घरच्या कार्यप्रसंगीं श्वेतसुरा, आणि औषधासाठीं अरिष्ट, करण्याची मोकळीक असावी. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळीं चार दिवसांची परवानगी असावी, असेंही तेथें आहे. सुरा व किण्व यांच्या सामग्रीची निवडानिवड स्त्रियांनीं व मुलांनीं करावी, हें वाक्य तर आम्हांस घरच्या ओसरीवरचें चित्रच वाटतें.

मेदकाची कृति कौटिल्य मापानें देतो : पाणी १ द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व ३ प्रस्थ. द्रोणाचे ४ आढक व आढकाचे ४ प्रस्थ धरल्यास, १६ प्रस्थ पाण्यास २ प्रस्थ तांदूळ आणि ३ प्रस्थ किण्व पडतें. किण्वाची कृतिही त्याच प्रकरणांत आहे. तें उडदाचा कल्क, तांदूळ आणि मोरट इत्यादि वनस्पति यांचें करीत. म्हणजे मेदकांत बीज धान्याहून अधिक! पाण्याच्या मानानें तांदूळ अवघा आठवा हिस्सा. बाकीचा दाटपणा किण्वांतील उडदाचा व तांदुळाचा. उडदाचा चिकटपणा ज्यास माहीत आहे, त्यास हें पेय तोंडांत कसें लागत असेल, तें वेगळें सांगणें नको. प्रसन्नेस मात्र १२ आढक पिठास ५ प्रस्थच किण्व आहे. तेथें भर पिठाचा, म्हणजे पुढें मद्यार्काचा. एकाच ग्रंथकारानें भरीव आणि कडक यांच्या कृति अशा निरनिराळ्या मांडल्या आहेत.

आज महाराष्ट्रांत १९४९ सालच्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून मद्य करणें हा अपराध आहे. कौटिल्यानें गृहस्थांस दिलेली मोकळीक आजच्या गृहस्थास नाहीं. म्हणून प्रस्तुत लेख हा इतिहासाचा आहे, पाकशास्त्राचा नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

(७)

आतां आंबिलीकडे वळूं. ज्वारीच्या कण्या किंवा पीठ ताकांत कालवून रात्रभर ठेवतात. सकाळीं तें उकळत्या पाण्यांत वैरून, गांठी होऊं न देतां, ढवळीत शिजवितात. मीठ, जिरें घालतात. नैवेद्याची नसेल तर लसूणही. लातूर आणि धाराशिव भागांत मार्गशीर्षांतील वेळ अमावास्येस, ज्यास तिकडे येळवस म्हणतात, हीच आंबील मडक्यांत घेऊन शेतांत जातात.

चार प्रश्न लावा. अग्नि मागाहून, बीज ताकाचें, काळ एक रात्र, गाळणी नाहीं. पहिलीं दोन उत्तरें सौत्रामणीच्या नेमकीं उलट आहेत. आंबविल्यावर शिजविल्यामुळें जो काय लेशमात्र मद्यार्क झाला असेल तो उडून जातो, आणि आंबविणारे जंतुही मरतात. दाटपणा मात्र शिजलेल्या पिष्टाचा असल्यामुळें वाढतो. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत हेंच : सुरा आधीं शिजते आणि मग आंबते, आंबील आधीं आंबते आणि मग शिजते.

पण ताकच कां? पाण्यांत ज्वारी आंबवितां येत नाहीं असें नाहीं. येथें मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायांतील एक नियम आम्हांस उपयोगी वाटतो. तेथें सर्व शुक्तें, म्हणजे आंबून आंबट झालेले पदार्थ, वर्ज्य सांगितले आहेत. पण लगेच दहीं आणि दह्यापासून झालेलें सर्व भक्ष्य म्हणून मोकळें ठेवलें आहे. नुसत्या पाण्यांत आंबलेलें पीठ शुक्त ठरतें. ताकांत कालविलेल्या पिठास दधिसंभवाचा आश्रय मिळतो. आंबिलीस सोवळ्यांतल्या नैवेद्यांत जागा मिळाली, ती ताकाच्या या परवान्यावर, असें आमचें अनुमान आहे. तें चूक ठरल्यास आनंदानें मागें घेऊं. पण ताकाऐवजीं नुसत्या पाण्यानें आंबविलेल्या नैवेद्याच्या आंबिलीची जुनी नोंद कोणास सांपडल्यास तीवरच हा निर्णय व्हावा.

(८)

ज्वारीसंबंधीं आणखी एक गोष्ट सांगून विवेचन पुरें करतों. हें धान्य मूळचें आपलें नव्हे. निघंटूंत त्यास ‘यावनाल’ म्हणतात, आणि त्याचें माहेर आफ्रिका. तेथून तें फार प्राचीन काळीं हिंदुस्थानांत आलें. माहेरीं या धान्याचें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. दक्षिण आफ्रिकेंत ‘उमकोंबोथी’ नांवाचें घरगुती पेय बायका करतात. मोड आणून वाळविलेली ज्वारी आणि मक्याचें पीठ कोमट पाण्यांत कालवून रात्रभर आंबट होऊं देतात. मग शिजवून त्याची खीर करतात. ती निवल्यावर पुन्हां मोडाची ज्वारी घालून एकदोन दिवस ठेवतात, आणि जाडसर गाळून पितात. त्यांत मद्यार्क शेकडा ३ च्या आसपास, आणि दाटपणा ताकाहून अधिक.

पहिल्या दोन पायऱ्या पाहा : रात्रभर आंबविणें आणि मग शिजविणें. ती आमची आंबीलच! भेद तिसऱ्या पायरीवर पडतो. तेथील गृहिणीनें निवलेल्या खिरींत पुन्हां बीज घातलें. येथील गृहिणीनें चूल विझवून पान वाढलें. एकाच धान्याची वाट एका उंबरठ्यापर्यंत जुळते आणि तेथून फुटते. मराठवाड्यांत ज्वारीस मोड आणण्याचा प्रघात या कामीं दिसत नाहीं. ज्वारीच्या कोवळ्या पोग्यांत विष असतें आणि तीं खाऊन जनावरें दगावतात, हें आमच्या शेतकऱ्यांस पूर्वापार ठाऊक आहे. आफ्रिकेंत मोड वाळविणें, चोळणें, शिजविणें यांनीं त्याचें निवारण होतें. वाट फुटण्याचें हें एक कारण असूं शकेल. धर्मशास्त्राचा निषेध हें दुसरें. सुरेचें नांवही न घेतां सुरेच्या दारापर्यंत जाऊन परत येणारें अन्न, असें आंबिलीचें वर्णन केल्यास तें अनुचित होणार नाहीं.

(९)

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंति. समर्थसंप्रदायाचीं बाडें श्री. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं आयुष्य वेंचून मिळविलीं आणि धुळ्याच्या वाग्देवतामंदिरांत तीं सुरक्षित झालीं. तशा बाडांत अभंग, आरत्या, हिशेब यांच्या मध्येंच एखादें पान कांजीच्या, अरिष्टाच्या किंवा एखाद्या ‘आंबवणीच्या’ कृतीचें निघतें, तेव्हां यादी करणारा तें ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतो. आणि त्यांत सुरेचें नांव दिसलें तर घरचा वारस तें फाडूनही टाकतो. घराण्याची अब्रू राखण्याच्या हेतूनें होणारी ही हानि आम्हांस सर्वांत दुःखद वाटते, कारण ती अज्ञानानें होते. चरकानें ज्या पंगतींत सुरेस आणि कांजीस शेजारीं बसविलें, ती पंगत लज्जेची नाहीं. आपल्या घरांतील चुलीच्या इतिहासाची आहे.

म्हणून असें पान मिळाल्यास तें जपावें, आणि त्याच्या नकलेबरोबर चार गोष्टी टिपाव्या : अग्नि आधीं कीं मागून, बीज कोणतें, रात्री किती, गाळणी आहे कीं नाहीं. शब्द ‘सुरा’ असो, ‘कांजी’ असो वा ‘मेदक’ असो, या चार उत्तरांनीं पेयाचें स्थान ठरेल, नांवानें ठरणार नाहीं. आणि पानांबरोबर माणसांसही विचारावें. ताक किती आंबट असावें, कण्या कितपत भरडाव्या, पीठ फसफसल्याचें कसें ओळखावें, हें जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया गांवोगांव थोड्या उरल्या आहेत. त्यांचें ज्ञान कोणत्याही पोथींत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यास हें सर्व पत्रानें कळविलें. त्याचें उत्तर आलें कीं, पुढच्या महालक्ष्म्यांस तो येईल, आणि आंबील कालविण्याच्या रात्रींच येईल.